नाणी पाहण्याच्या दुपारी

सामान बांधून झालं आहे आणि ट्रक अजून आलेला नाही. अशा वेळी घरात कुठेच बसवत नाही. खुर्च्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या, गाद्यांच्या वळकट्या भिंतीला टेकलेल्या, स्वयंपाकघरात चहापुरतं पातेलं आणि कप तेवढे मागे ठेवलेले. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, काही विसरलं का ते पाहिल्यासारखं करते आणि फिरून मागच्या खोलीत येऊन उभी राहते. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवते. बोट काळं होतं. कालच पुसली होती ती चौकट. कोळशाच्या खाणींच्या ह्या वणीत राहणाऱ्या बायकांच्या हाताला हा चाळाच लागतो. दुसऱ्याच्या घरी गेलं तरी बोट आपोआप चौकटीकडे जातं.

सकाळी कपाटाचा खालचा खण रिकामा करताना मामाजींचा बिस्किटांचा डबा हाताला लागला. झाकण उघडलं आणि वास आला. तांब्याचा, जुन्या कापसाचा आणि त्यात मिसळलेला थोडासा कापराचा. नाणी एकमेकांवर घासू नयेत म्हणून ते प्रत्येक नाणं कापसाच्या घडीत ठेवत. मी एक नाणं उचललं, परत ठेवलं. दुसरं उचललं. तळहाताला तो वास लागला, आणि तेव्हापासून मी अशी घरभर फिरते आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन एक उन्हाळा होऊन गेला. आता ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नागपूरकडे बदली झाली आहे आणि हे घर दुसऱ्या कोणाचं होणार आहे.

मी लग्न होऊन नेरहून इथे आले तेव्हा पहिले काही महिने मला झोपही धड लागत नसे. नेरला दुपार म्हणजे खरोखर दुपार असे. सरकीचा उबट वास, बाजार समितीच्या आवारातून येणारी बैलांच्या घुंगरांची एखादी लकेर, आणि लांबून अमरावतीच्या बसचा भोंगा. इथे कोळशाचे ट्रक दिवसभर घरासमोरून जात. प्रत्येक ट्रकबरोबर मांडणीवरची भांडी बारीक थरथरत. दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकावे लागत. तुळशीची पानं रोज धुवावी लागत. ह्यांची खाणीत पाळी. सकाळपाळीला हे अंधारात निघत, तिसऱ्या प्रहरी येत, अंघोळीच्या पाण्याचा रंग बदलून जाई, मग जेवण आणि झोप. मी बी.एस्सी. करून आलेली. हाताला काम नाही, डोक्याला काम नाही. पुस्तक उघडायचं, मिटायचं. गॅसवर दूध ठेवायचं आणि ते तापेपर्यंत दारात जाऊन यायचं.

घरात माझ्यासारखंच अस्वस्थ आणखी एक माणूस होतं. मामाजींना खुर्चीत बसता येत नसे. बसले की गुडघा हलायला लागे. मग ते उठत, फाटकापर्यंत जात, फाटकाची कडी उघडून परत लावत आणि आत येत. त्यांचं शेत खाणीत गेलं होतं. जिथे ते कापूस आणि तूर पेरत, तिथे आता एवढा मोठा खड्डा होता की खालचं यंत्र वरून खेळण्यासारखं दिसे. त्या शेताच्या बदल्यात मुलाला खाणीत नोकरी लागली होती. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी गेल्या. बापलेकांमधलं सगळं बोलणं त्यांच्यामार्फतच होत असे, असं शेजारच्या काकू सांगत. "बाबांले सांग चप्पल आणली," "त्याले सांग लाईट बिल भराचं हाय," असं. त्या गेल्यावर दोघं एकमेकांना लागेल तेवढंच बोलत. तेही कमी लागे.

पहिल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची तयारी मला करायची होती. कोणती वस्तू कुठे, काही माहीत नव्हतं. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात एक चांदीचा रुपया सापडला, राणीछाप. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाने अक्षरं बुजून गेलेली. मी तो वाटीत टाकून चिंच भिजवायला घेतली, तोच मामाजी दारात येऊन उभे राहिले.

"चिंच नको लावू माय."

"काळा पडलाय हो."

"पडू दे न. काळेपण गेलं का त्याचा जीव जाते. कापूस घे, कोमट पाणी घे. हळूच पूस."

माझ्याशी ते एकदम एवढं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. मी कापसाने पुसायला बसले. कुंकवाचे पापुद्रे सुटत गेले, पाणी लाल होत गेलं. राणीच्या बाजूला काही नवल नव्हतं. तो रुपया कायम राणीचं तोंड वर करून पूजेत मांडलेला, त्यामुळे मागच्या बाजूला कोणी फार पाहिलंच नव्हतं. ती पुसली तेव्हा वेलबुट्टीच्या आत, अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एक बारीक वळणदार रेघ दिसली. मला ओरखडा वाटला. उजेडात तिरपं धरलं तर ओरखड्याला नाक होतं, ओठ होते, हनुवटी होती.

"मामाजी, इकडे या बरं. ह्याच्या पाठीमागं कोणीतरी दिसतंय."

त्यांनी लाकडी मुठीचं मोठं भिंग आणलं. किती वेळ पाहत राहिले. त्यांचा गुडघा हलत नव्हता, हे मला नंतर आठवलं.

"राणीची सावली हाय ते," ते म्हणाले. "पण तिकडली राणी इकडं काहून आली?"

त्यांच्याकडे जुनी नाणी बरीच होती. नांगरताना शेतात मिळालेली. पूर्वी त्या शेताच्या कडेला बंजाऱ्यांच्या लदेणीचे बैल मुक्कामाला थांबत, मीठ आणि धान्य घेऊन पुढे जात, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. नांगराच्या फाळाला लागून वर आलेला ढब्बू पैसा ते बंडीच्या खिशात टाकत आणि घरी येऊन डब्यात. पण नाण्यावर दुसऱ्या बाजूची सावली का पडते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी मोबाइलवर शोधू लागले. इंग्रजीतलं वाचायचं, थांबायचं, त्यांना आपल्या भाषेत सांगायचं.

टांकसाळीत खाली एक ठसा असतो आणि वर एक. मध्ये धातूची कोरी चकती ठेवायची आणि वरचा ठसा जोराने खाली आणायचा. कधी मधली चकती यायचीच राहते. मग ठसे एकमेकांवरच आदळतात, आणि एकाची खूण दुसऱ्यावर कायमची उमटते. त्यानंतर त्या ठशातून जितकी नाणी निघतील, त्या सगळ्यांवर ती सावली येते.

ते ऐकून मामाजींनी रुपया दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे मधात कोणी नव्हतं म्हणून लागलं त्यायले एकमेकाले."

"हो."

"होते मंग तसं," ते म्हणाले आणि उठून फाटकाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत खिडकीखाली सतरंजी टाकली, बिस्किटांचा डबा आणून ठेवला आणि मला हाक मारली. तिथून त्या दुपारी सुरू झाल्या.

आता त्या दुपारी आठवायच्या म्हटलं तर एकेक वेगळी आठवत नाही. सगळ्या मिळून एकच मोठी दुपार झाली आहे. खिडकीतून येणारं ऊन सतरंजीच्या एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर सरकायचं, तसे आम्ही नाणी घेऊन सरकायचो. त्यांच्यापुढे बशीत ओतलेला चहा, मूठभर भाजलेले जवस. मी दुकानातून पारदर्शक कागद आणला होता. राणीच्या तोंडाची कडेची रेघ त्यावर पेन्सिलीने काढायची, कागद उलटा करायचा आणि नाण्याच्या पाठीवर ठेवायचा. सावली खरी असेल तर रेघेवर रेघ बसते. नुसता ओरखडा असेल तर कुठेतरी भरकटते. रेघ बसली की मामाजी "हं" म्हणत. तो "हं" ऐकायला मी दुपारची वाट पाहू लागले होते, हे मला कळतही नव्हतं.

मग दुहेरी छाप आली. एका तांब्याच्या पाव आण्यावर सगळी अक्षरं दोनदा उमटल्यासारखी दिसली. आम्ही दोघं हरखलो, आणि वाचल्यावर कळलं की दुहेरी दिसतं तेवढं सगळं दुहेरी नसतं. ठसा तयार करतानाच त्याच्यावर अक्षरं दोनदा दाबली गेली असतील तर ती खरी. तिथे अक्षरांची टोकं फाटलेली असतात आणि दोन्ही रेघा सारख्याच भरीव. पण छाप मारताना ठसा नुसता थरथरला असेल, तर अक्षराच्या कडेला एक सपाट पायरी पडते. ती खोटी. मामाजींनी लगेच नावं ठेवून टाकली. एक फाट्याचं आणि एक पायरीचं. आमचा पाव आणा पायरीचा निघाला.

"टांकसाळीतबी ट्रक जात असंल बाजूनं," ते म्हणाले. "थरथरलं असंल मंग." आणि त्याच वेळी मांडणीवरची भांडी वाजली. मी इतकी हसले की मला ठसका लागला.

डब्यातली नाणी पाहून संपली तेव्हा आम्ही बाजारात जाऊ लागलो. बाजाराच्या टोकाला सलामभाईंचं मोडीचं दुकान होतं. फुटके हंडे, गंजलेल्या साखळ्या, पितळेच्या तोट्या, आणि एका घमेल्यात जुनी तांब्याची नाणी, वजनावर घेतलेली. सलामभाई आमच्यासाठी पोत्याची घडी टाकून ठेवत. आम्ही त्या घमेल्याशी बसायचो. सासरा आणि सून मोडीच्या दुकानात खाली बसून पैसे उलटेपालटे करताहेत, हे पाहून येणारेजाणारे थांबत. शेजारच्या काकूंनी मला एकदा विचारलंच, "काय हरपलं व तुमचं तिथं?"

ह्यांनाही ते आवडत नसावं असं मला वाटे. आम्ही खोलीत बोलत असलो आणि हे पाळीवरून आले, की मामाजी भिंग खाली ठेवत. हे सरळ बादलीकडे जात. मीही उठून ताट वाढायला घेई. कधीतरी हे एवढंच म्हणत, "बाबांले उन्हात फार फिरवू नको." त्यात काळजी होती की नाराजी, मी ठरवू शकत नसे.

पोळा झाला आणि त्यानंतर मामाजींना दुहेरी नाणी सापडायला लागली.

आधी एक. मग दुसऱ्या दिवशी आणखी. मग रोज. ते भिंग धरून बसत आणि म्हणत, "हे पाह्य, हेबी." मी पाही तर मला नीट दिसत नसे. मला वाटे, माझंच शिकणं कच्चं आहे. ते मला सांगत, दुसरी रेघ कुठे आहे ते, आणि मी कागदावर तशी काढून ठेवी. त्या दिवसांत ते किती आनंदात होते. फाटकाकडे जाणं बंद झालं होतं. सकाळी उठल्याबरोबर डबा काढत. कापसाच्या वेगळ्या घड्यांमध्ये ती नाणी ठेवत आणि देव्हाऱ्यातला कापूर मागून घेत, तांब्याला ओल लागू नये म्हणून. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "नागपूरले नाण्यायचं प्रदर्शन हाय. सलामभाई सांगून राह्यला. आपण जाऊ. तिथल्या जाणकारायले दाखवू."

मला आनंद व्हायला हवा होता. पण रात्री मी त्या कागदांची चळत पुढे घेतली आणि एकेक कागद शेजारी शेजारी मांडत गेले. सगळ्या चित्रांत दुसरी रेघ पहिलीच्या खालीच होती. कधी डावीकडे नाही, उजवीकडे नाही. निरनिराळ्या वर्षांची, निरनिराळ्या राजाराण्यांची नाणी, आणि सगळ्यांचं दुहेरीपण एकाच दिशेला.

त्यानंतर मी नाण्यांऐवजी मामाजींकडे पाहू लागले. त्यांची मान एका खांद्याकडे कललेली असे, दुसऱ्या खोलीतलं काही ऐकत असल्यासारखी. ह्यांनी एकदा जेवताना विचारलं होतं, "मान काहून वाकडी करून राह्यले, बाबा?" आणि ते म्हणाले होते, "झोपेत अवघडली." ओट्याच्या पायऱ्या उतरताना ते आधी पायाने चाचपत. चहा बशीत ओतताना धार बशीच्या कडेवर पडे. हे सगळं मी पाहिलेलं होतं, पण एकापुढे एक ठेवलेलं नव्हतं.

नागपूरला जायचं ठरलं होतं त्याच्या आदल्या दिवशीची दुपार मला इतरांपासून वेगळी आठवते. आभाळ भरून आलेलं, उजेड पिवळट. मळलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा वास कुठून तरी येत होता. मामाजी नाण्यांना नवा कापूस लावत होते. न्यायच्या पिशवीत त्यांनी धुतलेलं धोतर आधीच घडी करून ठेवलं होतं. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तर उद्या चार लोकांत कोणीतरी ती नाणी बाजूला सारणार आणि ते तिथे मान कलती करून उभे राहणार.

"मामाजी, एक गंमत करू," मी म्हटलं. "ह्या नाण्यावर दुसरी रेघ कुठे आहे?"

"खाली. हे काय, अक्षराच्या खाली."

"आता मी हळूहळू फिरवते. तुम्ही रेघेवर लक्ष ठेवा."

मी नाणं बोटांत धरून फिरवलं. अक्षरं आडवी झाली. नाण्यावरची खूण नाण्याबरोबर फिरणार, हे त्यांनीच मला सलामभाईंच्या दुकानात समजावलं होतं.

"आता कुठे आहे रेघ?"

ते पाहत राहिले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं.

"खालीच हाय," ते हळू म्हणाले.

"आता एक डोळा झाका बरं."

त्यांनी तळहात डोळ्यावर ठेवला. भिंगातून नाण्याकडे पाहिलं. मग हात काढला. मग पुन्हा ठेवला. बाहेरून ट्रक गेला, भांडी वाजली, आम्ही दोघंही हललो नाही. शेवटी त्यांनी भिंग सतरंजीवर पालथं ठेवलं.

"एकच हाय," ते म्हणाले.

मला रडू येत होतं. ते मात्र नाणी एकेक करून डब्यात ठेवत राहिले, त्याच काळजीने, कापूस सारखा करून. सगळी ठेवून झाल्यावर म्हणाले, "त्याले सांग."

"तुम्ही सांगा न."

"नाई. तू सांग. माह्यानं नाई होणार."

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी लगेच फोन लावला. दुसऱ्या दिवशीची पाळी बदलून घेतली. नागपूरसाठी भरलेली पिशवी घेऊनच आम्ही तिघं यवतमाळच्या बसमध्ये बसलो. मारेगाव गेलं, करंजी गेली. दोन्ही बाजूंना कापूस बोंडावर आलेला. मामाजी एक डोळा मिटून खिडकीबाहेर पाहत होते. बापलेक एकाच बाकावर, मी पुढच्या. संपूर्ण रस्त्यात ते एकमेकांशी बोलले नाहीत. फक्त एका वळणावर मामाजींचा तोल गेला तेव्हा ह्यांनी त्यांचा दंड धरला, आणि वळण संपल्यावरही सोडला नाही.

दवाखान्यात बाकावर बसून वाट पाहणं, स्पिरिटचा वास, नाव पुकारलं की दचकणं. डोक्याचा फोटो काढला, रक्त घेतलं. मी पाण्याची बाटली भरून आणली, परत ओतली, परत भरली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्या म्हणाल्या की साखर फार वाढली आहे आणि डोळा फिरवणारी एक नस त्यामुळे दुखावली आहे. साखर आटोक्यात ठेवली तर नस हळूहळू पूर्ववत होण्याची आशा आहे, तोवर एका डोळ्याला पट्टी लावा. मेंदूत काही नव्हतं. ह्यांनी त्यांना पुन्हा विचारलं, "डोक्यात काही नाई न, नक्की?" त्या म्हणाल्या, "नाही." ह्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि औषधं आणायला गेले.

तेव्हा बाकावर मामाजी मला म्हणाले, "मले समजलं होतं थोडंसं. रस्त्यावर ट्रकाखाली ट्रक दिसे, तवा भेव वाटे. ताटात भाकरीखाली भाकरी दिसे. पण नाण्यावर रेघा दिसल्या का वाटे, हे तरी माह्या डोळ्याचं नसंल. हे नाण्याचंच असंल."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला.

पट्टीच्या त्या दिवसांत डॉक्टरांनी बारीक पाहायला मनाई केली होती. त्यांना पुन्हा जागेवर बसवेना. फाटकाची कडी पुन्हा वाजू लागली. मग मीच सतरंजी टाकली आणि डबा पुढे घेतला. मी पाहायचं आणि सांगायचं, त्यांनी ऐकायचं. "अक्षराचं टोक कसं हाय? कड चढती का सपाट?" असं विचारत ते भिंतीला पाठ टेकून बसत. संक्रांतीच्या सुमाराला, तिळाचा वास घरभर होता तेव्हा, सलामभाईंनी पाठवलेल्या एका पुडीत मला एक पाव आणा दिसला. टोकं फाटलेली. दोन्ही रेघा भरीव.

"फाट्याचं आहे," मी म्हटलं.

"फिरवून पाह्य."

मी फिरवला.

"आता कुठं हाय?"

"बाजूला गेली रेघ. अक्षराबरोबर गेली."

त्यांनी भिंतीची पाठ सोडली. हात पुढे केला. मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्याने त्याची कड चाचपली, मग ओठांत हसले. "तुह्या डोळ्यायले काई झालं नाई मंग," म्हणाले.

उन्हाळा लागेपर्यंत त्यांची मान सरळ झाली. पट्टी निघाली. दुहेरी म्हणून जपलेली सगळी नाणी त्यांनी एका फडक्यात बांधली आणि सलामभाईंच्या घमेल्यात ओतून आले. येताना त्यांनी माझ्यासाठी एक कागद आणला. यवतमाळच्या बी.एड.च्या प्रवेशाचा. कोणाकडून मागवला, कोण जाणे.

"तू कायले इथं बसून राह्यली?" ते म्हणाले. "मी तं झालो बरा."

"आणि नाणी?"

"नाणी कुठं पळून चालले? इतके वर्षं जमिनीत होते."

मी गेले. ह्यांनी अडवलं नाही. वसतिगृहाची खोली, सकाळची प्रार्थना, पाठांच्या टाचणांचा ढीग. शनिवारी संध्याकाळच्या बसने मी येत असे आणि रविवारी आम्ही थोडा वेळ बसत असू. मग मारेगावला शाळेत नोकरी लागली, रोजचं जाणंयेणं सुरू झालं. रविवारी कपडे, वह्या तपासणं, आलंगेलं. मामाजींचंही बरं चाललं होतं. ते सलामभाईंच्या दुकानात जाऊन बसत, तिथे त्यांना बोलायला माणसं मिळत. त्या दुपारी कोणाच्या जाण्याने संपल्या नाहीत. सगळं बरं झालं म्हणून संपल्या. शेवटची दुपार कोणती, ते मला सांगता येणार नाही. आम्ही दोघं त्या दिवशीही रोजच्यासारखेच उठलो असू, सतरंजी झटकली असेल, ऊन भिंतीवर गेलं असेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते गेले, सकाळी, अंगणात उभे असताना. मी वर्गात होते.

दुपार कलू लागली तसा ट्रक आला. माणसांनी खुर्च्या नेल्या, गाद्या नेल्या, कपाट आडवं करून नेलं. घर रिकामं होत गेलं तसा आमचा आवाज घुमायला लागला. मी डबा कोणाच्या हातात दिला नाही. मागच्या खोलीत खालीच बसले, फरशीवर. हे आत आले. अंगाला धूळ, कपाळावर घाम. डब्याकडे पाहिलं आणि माझ्यासमोर टेकले. आम्ही एवढ्या वर्षांत त्या खोलीत असं समोरासमोर बसल्याचं मला आठवत नाही.

"तुले माहीत नाई," हे म्हणाले, "पण मी पाळीवरून लवकर येत होतो."

"लवकर म्हणजे?"

"तू समजत होती त्याच्या आधी. गाडी कोपऱ्यावरच बंद करत होतो. मंग ओट्यावर बसून राहो."

"काहून?"

हे जमिनीकडे पाहत होते. हाताला लागलेली सुतळीची गाठ सोडवत होते.

"तुमचं चालू राहे न आत. बाबा सांगून राह्यले, तू हसून राह्यली. मी आलो का ते गप होत. माह्याशी बोलाले त्यायले काई सुचत नव्हतं, मलेबी सुचत नव्हतं. मंग म्हटलं, बाहेरून तं आयकू."

ज्या दुपारी मला वाटत होतं की हे घराबाहेर आहेत, नाराज आहेत, त्या दुपारी हे भिंतीपलीकडे होते. कोळशाने माखलेल्या कपड्यांत, अंघोळ न करता, जेवल्याशिवाय.

"आयकू तं येत नव्हतं सारं," हे म्हणाले. "नुसता आवाज ये. एकदा तं तुम्ही दोघं इतके हसले का मीबी हसलो तिथं एकटाच. कायले हसून राह्यलो, काई ठाऊक नाई. काय राहे त्या नाण्यायमधी एवढं हसण्यासारखं?"

बाहेर माणसं आम्हाला हाका मारत होती. मी विचार केला, कोणता दिवस असेल तो. मग मला आठवलं, सलामभाईंनी एकदा कोटाचं पितळी बटण फार जुनं नाणं म्हणून मामाजींच्या हातात दिलं होतं, आणि मामाजींनी ते घरी आणून भिंगाखाली धरून मोठ्या गंभीरपणे मला विचारलं होतं, ह्या राजाच्या तोंडाला चार भोकं कशी.

मी ह्यांना ते सांगायला लागले.